दोन इंच खाली

नागनाथ मोहोळकरला एका जागी बसणं जमत नसे. वर्गात शिकवताना तो फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालायचा, खडू उडवून झेलायचा, मधेच खिडकी उघडायचा आणि दोन मिनिटांनी तीच लावून टाकायचा. जयपूरच्या ज्या कॉलेजात तो पदार्थविज्ञान शिकवायचा तिथली मुलं त्याला मागे ‘लट्टू साब’ म्हणत. लट्टू म्हणजे भोवरा. हे त्याच्या कानावर आलं होतं आणि त्याचं त्याला विशेष काही वाटलं नव्हतं. घरी जेवताना टेबलाखाली त्याचा उजवा पाय असा हलायचा की वाटीतलं वरण डुचमळायचं. “पाय,” एवढंच बायको म्हणायची. पाय थांबायचा. दुसरा घास घेईपर्यंत पुन्हा सुरू.

तो मूळचा सोलापूरकडचा, मोहोळचा. बावन्न साली जाहिरात पाहून अर्ज केला आणि ओळखीचं कुणी नसताना बायको आणि सहा वर्षांच्या मुलीला घेऊन जयपूरला आला. बायको गिरिजा मुलींच्या शाळेत भूगोल शिकवू लागली. मुलगी जयंती इथल्याच शाळेत वाढली, त्यामुळे तिचं मराठी हिंदीच्या आधाराने चालायचं. बापूनगरात त्यांनी भाड्याचं घर घेतलं. पुढे रेताड अंगण, कडेला दोन पेरूची झाडं, आणि फाटकापाशी एकोणसाठ सालापासून उभी असलेली फिकट हिरवी विलायती मोटार. ती त्याने एका निवृत्त इंजिनियरकडून घेतली होती. जुनी, अंगाने अरुंद आणि चांगलीच उंच.

एकसष्ट सालच्या फेब्रुवारीत जयंतीला कांजिण्या आल्या. जोराच्या आल्या. एकोणीस दिवस गिरिजा तिच्या उशाशी बसून होती. शेजारच्या भार्गवबाईंनी सांगितलं, जयपूरबाहेरच्या चाकसूच्या टेकडीवर शीतलामाता आहे, तिला नवस बोल, लेकीला उतार पडेल. गिरिजा तशी देवभोळी नव्हती. पण ताप उतरेना तेव्हा बोलली. मुलगी बरी झाली आणि होळी झाल्यावर जत्रेचा दिवस आला.

“मला चाकसूला जायचंय,” ती म्हणाली.

“पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकाची बायको शिळ्या पुऱ्यांचा नैवेद्य घेऊन रांगेत उभी राहणार? लोक काय म्हणतील!”

“तुम्ही नका येऊ. बसने जाईन मी.”

बसने जाऊ द्यायचं त्याच्या जिवावर आलं. जयंतीला भार्गवबाईंकडे ठेवून दोघं मोटारने निघाले. टेकडीखाली बैलगाड्या, उंटगाड्या, घुंगट घेतलेल्या बायकांचे थवे. गिरिजा रांगेत उभी राहिली ती तीन तास. तेवढ्या वेळात नागनाथने टेकडीला तीन फेऱ्या मारल्या, घड्याळाला चार वेळा किल्ली दिली, उसाचा रस पिऊन अर्धा टाकून दिला. ती खाली उतरली तेव्हा तिचा चेहरा उन्हाने लाल झाला होता, पण शांत होता. त्या शांतपणाचाच त्याला राग आला. का आला हे त्याला तेव्हाही सांगता आलं नसतं.

चाकसू सोडून चारेक मैल झाले असतील. रस्ता मोकळा होता, त्याने गाडी पिटाळली.

“हळू चालवा,” गिरिजा म्हणाली.

त्याने पाय आणखी दाबला.

पुढे एक उंटगाडी डाव्या कडेने आपल्या वाटेने चालली होती. तिला मागे टाकायला तो उजवीकडे गेला आणि समोरून बस आली. त्याने गाडी उंटाच्या अगदी पुढून गर्रकन डावीकडे घेतली. उंट बिचकून फुरफुरला, मोटारची डावी चाकं रस्त्याखालच्या वाळूत उतरली, आणि ती उंच गाडी कलत कलत एका अंगावर आडवी झाली. त्याला खरचटलंसुद्धा नाही. गिरिजाच्या डाव्या खांद्यालगतचं हाड मोडलं.

लोक धावले. जवळच्या चौकीतून एक हवालदार सायकलवर आला. “क्या हुआ, साब?” त्याने विचारलं.

“ऊंटगाड़ी बीच में आ गई,” नागनाथ म्हणाला.

शब्द आपोआप तोंडातून गेले. हवालदाराने गाडीवानाचा दंड धरला. तो तिशीतला, लाल फेट्याचा माणूस होता. काही बोलायला त्याने तोंड उघडलं आणि हवालदाराचा चेहरा पाहून मिटलं. बाभळीखाली गिरिजाला निजवलं होतं. पदराने हात गळ्यात बांधून ती उताणी पडली होती आणि डोळे उघडे होते. तिने ऐकलं की नाही, हे नागनाथला कळलं नाही. एका ट्रकवाल्याने तिला जयपूरच्या इस्पितळात पोचवलं.

तिथून पुढे नागनाथच्या जिवाला जी तळमळ लागली ती काही केल्या जाईना. कॉलेजात सगळ्यांनी चौकशी केली. चहाच्या खोलीत त्याने अपघाताची आकृती काढून दाखवली. पहिल्यांदा सांगताना उंटगाडी ‘थोडी’ मधे आली होती. दुसऱ्या आठवड्यात ती चांगलीच मधे आली, आणि पुढे उंटाने मानही फिरवली. दुरुस्तीला गाडी अजमेरी गेटजवळच्या गफूर मिस्त्रीकडे दिली होती. दार ठोकून सरळ केलं, रंग दिला. “मिस्त्री, स्टेअरिंग देखो. ब्रेक देखो. कुछ तो खराबी है,” असं त्याने दोनदा सांगितलं. गफूरने गाडीखाली जाऊन सगळं पाहिलं, हात पुसत बाहेर आला.

“गाड़ी में कोई खराबी नहीं, प्रोफेसर साब. आप कितने पे चला रहे थे?”

नागनाथने गाडी घेतली आणि पुन्हा गफूरच्या दुकानी गेला नाही.

प्लास्टर निघालं, पण गिरिजाचा डावा हात खांद्याच्या वर जाईना, त्यात जोरही राहिला नाही. आणि ती मोटारीत बसेनाशी झाली. त्यावर भांडण नाही, बोलणं नाही. सकाळी तो गाडी काढून फाटकात उभा राही. ती चपला घालून त्याच्या अंगावरून जाई आणि कोपऱ्यावर सायकलरिक्षा करी. पहिल्या महिन्यात त्याला वाटलं, भीती आहे, जाईल. जून आला, जुलै आला. ती रिक्षाच करत राहिली. घरात बाकी सगळं जसंच्या तसं होतं. पोळ्या, शाळेचे पेपर, रविवारची भाजी. “पाय,” म्हणणं तेवढं तिने सोडून दिलं होतं. आता वरण खुशाल डुचमळत होतं.

शेवटी त्याने स्वतःपुरतं एक उत्तर शोधून काढलं. गाडी उंच आहे, अरुंद आहे, तिचा गुरुत्वमध्य वर आहे. अशी गाडी कुणाच्याही हातून कलंडली असती. तपासून झालेल्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पाठींवर तो गणितं मांडू लागला. गाडी दोन इंचांनी खाली आणली तर वळणावर केवढा फरक पडेल, याचे आकडे त्याने काढले. त्याच कागदावर दुसराही एक आकडा आला होता: त्या दिवशी गाडी कलंडायला तिचा वेग निदान किती असायला हवा, तो. त्या आकड्याभोवती त्याने चौकट केली नाही.

“गाडी खाली करणार आहे मी,” एक दिवस त्याने जेवताना जाहीर केलं. “दोन इंच. मग ती जमिनीला धरून चालेल. मग भिण्याचं कारण नाही.”

गिरिजाने त्याच्या ताटात पोळी वाढली. जयंतीच म्हणाली, “बाबा, आई बसणार नाही. मतलब, कधीच नाही. आप छोड़ दो ना.”

सोडून देणं त्याच्या स्वभावात नव्हतं. कॉलेजच्या ग्रंथालयात मोटारींचं एक विलायती मासिक जुनं होऊन यायचं. त्यात आखूड स्प्रिंगांची जाहिरात होती. पुढच्या चाकांच्या मूळच्या स्प्रिंगा काढून या बसवा, मागे भार झेलणारे कमानपाटे आणि चाकांचा आस यांच्यामधे लोखंडी ठोकळे घाला, गाडी खाली बसते. त्याचा मावसभाऊ शशिकांत लीड्सला कापडाचं शिक्षण घेत होता आणि सप्टेंबरात बोटीने परतणार होता. नागनाथने त्याला गाडीचं नाव, वर्ष, मापं असं सगळं लिहून चार पानी पत्र धाडलं. शशिकांतने दोन स्प्रिंगा स्वेटरांत गुंडाळून ट्रंकेत आणल्या. मुंबईला कस्टमवाल्याने हे काय म्हणून विचारलं तेव्हा त्याने सांगितलं, “छातीच्या कसरतीचं सामान,” आणि ते खपलं. ऑक्टोबरात रेल्वे पार्सलाने त्या जयपूरला आल्या. काळ्या, तेलकट, हातभर सुद्धा नाहीत. नागनाथने त्या दिवाणखान्यातल्या टेबलावर उभ्या करून ठेवल्या आणि येता-जाता तळव्याने दाबून पाहू लागला. ठोकळे त्याने झोटवाड्याच्या एका लेथवाल्याकडून कापून घेतले.

दिवाळीच्या सुटीत जयंती तिला न्यायला आलेल्या आत्याबरोबर सोलापूरला गेली. दुसऱ्याच दिवशी सकाळी नागनाथने अंगणात पोती अंथरली, नट-बोल्टचे पाने मांडले, गाडी विटांच्या थरांवर टेकवून चाकं काढली आणि तिच्याखाली शिरला. हे काम घरी करायचं नसतं, हे त्याला कळत होतं. पण मिस्त्रीकडे गेलं की मिस्त्री प्रश्न विचारतो.

मागची बाजू एका दिवसात झाली. यू-बोल्ट ढिले केले, आस जॅकने वर उचलला, ठोकळे सरकवले, नट पुन्हा आवळले. दुसऱ्या दिवशी पुढची डावी बाजू. इथे खरी गोम होती. स्प्रिंग चाकाच्या खालच्या लोखंडी दांड्यावर दबून बसलेली असते, गाडीचा भार अंगावर घेऊन. दांड्याखाली जॅक लावायचा, बोल्ट काढायचा, मग जॅकचा स्क्रू हळूहळू उलटा फिरवत दांडा खाली घ्यायचा. तशी स्प्रिंग मोकळी होत होत सुटते. घाई केली तर ती उडते. डाव्या बाजूला त्याने घाई केली नाही. आखूड स्प्रिंग जागेवर बसली तेव्हा त्याने दोन्ही हात वर केले आणि हसून घराकडे पाहिलं. गिरिजा व्हरांड्यात नकाशाच्या वह्या तपासत होती. तिने मान वर केली नाही.

तिसऱ्या दिवशी, उजव्या बाजूला, तो उतावीळ झाला. काल जे चार तासांत झालं ते आज दोन तासांत व्हायला हवं असं त्याने ठरवून टाकलं. काल जॅकखाली फळी घातली होती. ती आज गाडीच्या मागल्या अंगाला पडली होती, उठून आणायचा कंटाळा आला. जॅक नुसत्या रेतीवर ठेवला. बोल्ट काढला. स्क्रू दोन फेरे फिरवला असेल, रेती दबली आणि जॅक कलू लागला.

त्याला विचार करायला वेळ मिळाला नाही. बाजूची पहार त्याने दांड्याखाली घातली, तिचं टोक खांद्यावर घेतलं आणि एक गुडघा रोवून वर रेटलं. जॅक अर्धवट कलून थांबला. दांडाही थांबला. नाकासमोर हातभर अंतरावर ती जुनी, उंच स्प्रिंग एका बाजूने फुगून आपल्या खोबणीतून बाहेर डोकावत होती. खांदा ढिला केला तर ती कुठे जाईल, हे सांगायला पदार्थविज्ञान लागत नव्हतं.

“गिरिजा!”

आत लाटण्याचा आवाज चालूच राहिला.

“गिरिजा! इकडे ये! नको, समोर येऊ नकोस! मागून ये!”

ती स्वयंपाकघराच्या दारातून आली. हात पिठाचे होते. वाकून तिने गाडीखाली पाहिलं, मग त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

“काय करू?” तिने विचारलं. आवाजात घाबरेपणा नव्हता.

“जॅक सरळ करायचाय. खाली काहीतरी टणक हवं. फळी मागे आहे... नको, तिकडून गेलीस तर गाडीला धक्का लागेल. दुसरं काहीतरी आण. लवकर!”

“लवकर होणार नाही,” ती म्हणाली. “एक हात आहे मला.”

ती घरात गेली. नागनाथ पहार धरून राहिला. खांद्यातून कळ मानेत चढली होती. उजवा पाय सवयीने थरथरायला लागला आणि त्याबरोबर स्प्रिंगही सूतभर हलली. त्याने पाय थांबवला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला कुणी न सांगता तो थांबवावा लागला होता. आतून दगड ओढल्याचा आवाज येत होता. खर्र, मग थांबणं, मग पुन्हा खर्र. चटणी वाटायचा दगडी पाटा गिरिजाने गोणपाटावर ढकलला होता आणि गोणपाट एका हाताने ओढत ती अंगणातून आणत होती. तिने कपाळ पुसलं. पुन्हा ओढलं. ते अंतर वीस पावलांचं होतं आणि तिला किती वेळ लागला हे त्याला कळलं नाही.

पाटा तिने पायाने जॅकजवळ सारला. खुरपीने रेती सपाट केली. घाई केली नाही. मग पाटा आत लोटून विचारलं, “आता?”

“आता मी थोडं वर रेटतो. तेवढ्यात जॅक उचलून पाट्यावर ठेव. जमेल?”

“जमेल.”

त्याने दात खाऊन खांदा वर रेटला. तिने जॅक धरला, पण एका हातात तो उचलेना. तिने तो सोडला आणि परत खाली बसली.

“पुन्हा,” ती म्हणाली.

“माझा खांदा निघतोय.”

“मला माहितीय कसं वाटतं ते.”

पेरूच्या झाडावर पोपट ओरडत होते. घामाचा थेंब चष्म्याच्या आत उतरला, पुसायला हात मोकळा नव्हता.

“गिरिजा, त्या दिवशी...” तो म्हणाला आणि अडला. मग एकदम सगळं बाहेर आलं. “उंटगाडी मधे नव्हती आली. ती कडेनेच चालली होती. तू हळू म्हणालीस म्हणून मी... म्हणूनच मी जोरात घेतली.”

“माहितीय.”

“तुला माहीत होतं?”

“मी शेजारीच बसले होते ना.”

ती जॅकभोवती पदर गुंडाळत होती, पकड नीट यावी म्हणून.

“मग बोलली का नाहीस? आठ महिने झाले.”

“मी बोलून काय झालं असतं? त्या हवालदारापुढे तुम्ही बोलला होतात.” तिने पकड आजमावून पाहिली. “तो गाडीवान दोन दिवस चौकीत होता. भार्गवबाईंचा भाऊ बसवर कंडक्टर आहे, त्याने सांगितलं. त्याचा उंट रस्त्यावरच बांधलेला होता म्हणे, कुणी पाणी दाखवलं नाही. चला, आता रेटा.”

त्याने रेटलं. या वेळी जॅक उठला आणि पाट्यावर बसला. गिरिजाने जॅकची मूठ घालून स्क्रू एकेक फेरा फिरवला, जॅकचं डोकं लोखंडाला टेकलं, भार त्याने उचलला. नागनाथने खांदा काढून घेतला आणि तिथेच पोत्यावर आडवा झाला. ती उठली, हाताचं पीठ आता काळं झालं होतं ते पाहिलं, आणि आत जाऊन पोळ्या करू लागली.

दुपारपर्यंत ती स्प्रिंग निघाली, आखूड बसली, चाकं चढली. गाडी दोन इंच खाली आली होती. ती एखाद्या दबा धरून बसलेल्या मांजरासारखी दिसत होती. नागनाथने तिच्याभोवती एक फेरी मारली, दुसरी मारली. आनंद होईल असं त्याला वाटलं होतं. तसं काहीच झालं नाही. अंग आंबून गेलं होतं आणि तरी बसवत नव्हतं. तो व्हरांड्यात आला, आत गेला, पुन्हा बाहेर आला.

“आता बसशील का गाडीत?” त्याने शेवटी विचारलं.

गिरिजाने थोडा विचार केला. “चाकसूकडे जायचं असेल तर बसेन. दुसरीकडे कुठे नाही.”

पुढच्या रविवारी ते निघाले. बाहेर पडताना फाटकाच्या उतारावरच गाडीचं पोट घासलं. टोंक रस्ता त्या वेळी ठिकठिकाणी उखडलेला होता; प्रत्येक खड्ड्यात खालून खडखड व्हायची. पस्तिसाच्या वर त्याने काटा जाऊ दिला नाही. गिरिजा दाराला धरून ताठ बसली होती. गाडी खाली आल्याने तिची भीती कमी झालेली नव्हती. ती भीतीसकट बसली होती.

कंडक्टरने सांगितलेल्या खुणेवरून गाडीवानाचं गाव सापडलं, रस्त्यापासून अर्धा मैल आत. तो माणूस म्हणजे कजोड गुर्जर. खळ्यावर बाजरी पाखडत होता. नागनाथला पाहून त्याने सूप खाली ठेवलं.

“थे तो वो चश्मा हाळा साब छो,” तो म्हणाला. तुम्ही ते चष्मेवाले साहेब. मग गिरिजाकडे पाहून हात जोडले, “बाईजी को हाथ ठीक छै?”

नागनाथने वाटेत हिंदीत वाक्यं जुळवून ठेवली होती. ती त्याने भराभर म्हणून टाकली. चूक माझी होती, तुम्ही कडेने चालला होता, मी खोटं सांगितलं. कजोडने ऐकून घेतलं. माफ केलं म्हणाला नाही, रागावलाही नाही. खळ्याच्या कडेला थुंकून तो म्हणाला, “मन्ने तो बेरो छै, साब. मुझे तो पता ही है. मुझे क्यों बताते हो? उनको बताओ. मेरा नाम उनके रजिस्टर में है. सड़क पर कुछ भी होता है, मुझे बुलाते हैं.”

हे नागनाथच्या हिशेबात नव्हतं. इथे येऊन माफी मागितली की छातीवरचं उतरेल, असं तो धरून चालला होता. त्याने गिरिजाकडे पाहिलं. ती आधीच गाडीकडे चालू लागली होती.

कजोड मागच्या सीटवर गुडघे पोटाशी घेऊन बसला. तिसऱ्या माणसाच्या वजनाने गाडी आणखी खाली बसली आणि पायवाटेवरच्या चाकोऱ्यांत तिचं पोट नांगरासारखं चालू लागलं. “साब, इसके पाँव कहाँ गए?” कजोडने विचारलं. गिरिजाला हसू आलं, आणि ते लपवायला तिने तोंड खिडकीकडे केलं.

चौकीत लिखापढी करणारा मुन्शी एकटा होता. तो म्हणाला, कागद कधीच बंद झाला, साहेब, आता कशाला उकरता? नागनाथने लेखी जबाब द्यायचं म्हटलं. मुन्शी म्हणाला, त्याला रकाना नाही. मोठे साहेब यायला हवेत, केव्हा येतील सांगता येत नाही.

“मी थांबतो,” नागनाथ म्हणाला.

तो बाकावर बसला. पहिली दहा मिनिटं त्याने चौकीच्या भिंतीवरच्या नोटिसा वाचल्या. मग दारापर्यंत गेला, परत आला. मग मुन्शीच्या टेबलावरची दौत सरळ केली. कजोड उकिडवा बसून विडी ओढत होता. त्याला थांबायची सवय होती. गिरिजाने पिशवीतून वह्या काढल्या आणि तपासायला घेतल्या. सव्वादोन तास गेले. साहेब आले नाहीत. शेवटी मुन्शीच कंटाळला. त्याने कोरा कागद पुढे सरकवला, नागनाथने त्यावर सगळं लिहिलं, वेगासकट, आणि खाली नाव, हुद्दा, पत्ता घातला. मुन्शीने शिक्का मारून तो कागदांच्या एका बासनात खोचला. त्याचं पुढे काय झालं, रजिस्टरातलं नाव खोडलं गेलं की नाही, हे नागनाथला शेवटपर्यंत कळलं नाही. त्यानंतर दोन-तीन वर्षं तो मधून मधून त्या चौकीत जाऊन विचारत राहिला. दर वेळी मुन्शी नवा असायचा. कजोडला भेटायला मात्र त्याला पुन्हा धीर झाला नाही.

त्या दिवशी कजोडला गावात सोडून ते परतीला लागले. एका कोरड्या नाल्यात उतरताना खालून मोठा आवाज झाला आणि सायलेन्सरची नळी अर्धी तुटून लोंबू लागली. नागनाथने खाली झोपून ती तारेने बांधली. पण आवाज काही आवरेना. गाडी सुरू केली की रणगाड्यासारखी गरजत होती. तसेच ते निघाले. शेतांतली माणसं मान वळवून पाहत होती, कुत्री मागे धावत होती. एकमेकांशी बोलायचं म्हटलं तरी ऐकू येणार नव्हतं. बारा मैल दोघं न बोलता आली.

सांगानेर जवळ आलं तेव्हा गिरिजाने त्याच्या दंडावर बोटाने टकटक केलं आणि रस्त्याच्या कडेला दाखवलं. एक म्हातारी टोपलीत गाजरं घेऊन बसली होती. नागनाथने गाडी थांबवली. इंजिन बंद केलं तर पुन्हा सुरू होईल याची खात्री नव्हती, म्हणून चालूच ठेवलं. गिरिजा खाली उतरली. त्या गोंगाटात म्हातारी ओरडून भाव सांगत होती, गिरिजा कानामागे हात धरून वाकली होती, आणि नागनाथ स्टेअरिंग धरून, पाय न हलवता, तिच्या येण्याची वाट पाहत बसला होता.